‘आर्काइव्हल’ प्रतीच्या पाठीवर काय लिहिलेले असावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की मुंबईत चित्रांच्या प्रती विकण्याचा मोसम सुरू होतो. जहांगीर कलादालनाबाहेरचा फुटपाथ, दादर-पार्ल्यातल्या सभागृहांमधली प्रदर्शने, मग थंडीत काळा घोडा परिसरातला महोत्सव. त्यात शाईने काढलेल्या रेखाटनांच्या प्रतींना हल्ली बरी मागणी आहे. चाळी, इराणी हॉटेले, लोकलची दारे, ससून डॉकवरची गर्दी, असे विषय लोक हौसेने भिंतीवर लावतात. जवळजवळ प्रत्येक प्रतीला ‘आर्काइव्हल प्रिंट, १०० वर्षे टिकणारी’ अशी चिठ्ठी डकवलेली असते. कोणता कागद, कोणती शाई, किती प्रती, हे मात्र चिठ्ठीवर नसते. विक्रेत्याला विचारले तर ‘इम्पोर्टेड आहे’ एवढेच उत्तर मिळते. आम्ही रेखाटने करणारे आणि ती छापून देणारे लोक आहोत. या चिठ्ठीवर नेमके काय असायला हवे, आणि ते का, हे घेणाऱ्यांनाही कळावे म्हणून हे पत्र.

आधी मूळ रेखाटनाबद्दल. बाटलीतल्या काळ्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये काजळीचे, म्हणजे कार्बनचे कण असतात. पिगमेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगाचे कण, असलेल्या बारीक टोकाच्या पेनांची शाईही टिकाऊ असते. या दोन्हींवर उजेडाचा परिणाम फारच कमी होतो. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया, साधे जेल पेन, स्केचपेन आणि अल्कोहोल मार्कर यांत विरघळणारा रंग, म्हणजे डाय, असतो आणि तो उडतो. अशा साधनांनी काढलेले मूळ चित्र भिंतीवर लावूच नये. ते लवकर स्कॅन करून अंधारात ठेवावे आणि भिंतीवर प्रत लावावी. इथे प्रत मुळापेक्षा जास्त टिकते, आणि हे ग्राहकाला सांगण्यात कमीपणा काही नाही.

खरी गफलत स्कॅनिंगमध्ये होते. ०.१ मिलिमीटरची रेघ ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) जेमतेम सव्वा पिक्सेल रुंद येते. इतक्यात तिच्या कडेचा थरथराट, निबवर दाब वाढला तिथला फुगवटा, काही मावत नाही. ६०० डीपीआयला ती सुमारे अडीच पिक्सेल होते आणि १२०० ला पावणेपाच. म्हणून त्याच आकारात छापायचे असेल तरी ६०० च्या खाली जाऊ नये, आणि दुप्पट मोठे करायचे असेल तर १२०० ला स्कॅन करावे. कलर किंवा १६ बिट ग्रे (करड्या छटा बारकाईने नोंदवणारा मोड), आणि तपशील न गमावता साठवणारी टिफ फाइल. ए-४ चित्राची १२०० डीपीआयची १६ बिट ग्रे फाइल साधारण २८० एमबीची होते. ती जड वाटली म्हणून जेपेग करून व्हॉट्सअॅपवरून छापखान्यात पाठवणारे चित्रकार आम्ही रोज पाहतो. जेपेगमध्ये काळ्या रेघेभोवती करड्या ठिपक्यांची धूळ बसते. ती मोबाइलवर दिसत नाही, पण कापसाच्या कागदावर ए-२ आकारात स्वच्छ दिसते.

‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाच्या एक बिट मोडचा मोह टाळावा. वर्तमानपत्राच्या ब्लॉकसाठी तो सोयीचा होता, कारण तिथे शाई एक तर होती किंवा नव्हती. इंकजेटवर त्याच फाइलमधल्या तिरप्या रेघांना पायऱ्या पडतात आणि कोरड्या ब्रशचा खरखरीत फटकारा एक तर भरून काळा होतो, नाही तर तुटून जातो. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधले ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग आणि डीस्क्रीन (छापील ठिपक्यांची जाळी पुसणारी सोय) हे तिन्ही बंद करावेत. शार्पनिंगमुळे रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरी किनार येते आणि जिथे जाळीदार रेघा दाट आहेत तिथे ती किनारच चित्र खाते.

कागद सुरकुतलेला असेल, किंवा वॉशमुळे, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईमुळे, पोचा आला असेल, तर स्वस्त आणि पातळ स्कॅनरवर भागत नाही. त्यांतला सीआयएस सेन्सर काचेला चिकटलेलेच नीट पाहतो. कागद दोन-तीन मिलिमीटर उचलला गेला की रेघ धूसर होते. सीसीडी सेन्सरचा जाड, जुन्या वळणाचा स्कॅनर तेवढी खोली सांभाळतो. चित्र काचेपेक्षा मोठे असेल तर तुकड्यांत स्कॅन करून जोडावे, पण प्रत्येक तुकडा शेजारच्यावर किमान २० टक्के चढलेला हवा आणि चित्र काचेवर फिरवू नये, फक्त सरकवावे. फिरवले की कागदाच्या पोताची सावली उलटी पडते आणि जोड दिसतो.

जुन्या चित्रांसाठी एक युक्ती उपयोगी पडते. दिवाळी अंकांसाठी काढलेल्या जुन्या रेखाटनांचा कागद पिवळा पडलेला असतो, त्यावर तांबूस डाग असतात, आणि खाली फिक्या निळ्या पेन्सिलीचा कच्चा आराखडा राहिलेला असतो. चित्र कलरमध्ये स्कॅन करून त्याचे लाल, हिरवा, निळा हे चॅनेल वेगवेगळे बघावेत. लाल चॅनेलमध्ये पिवळेपणा आणि तांबूस डाग बरेचसे मावळतात. निळ्या चॅनेलमध्ये निळी पेन्सिल मावळते, पण पिवळा कागद काळवंडतो. दोन्ही एकदम हवे असेल तर हाताने मेहनत करावी लागते. पांढऱ्या पोस्टर कलरने झाकलेली चुकीची रेघ पुसायची की ठेवायची हा तांत्रिक प्रश्न नाही. आमच्या मते ती ठेवावी. चित्रकाराचा हात त्यात दिसतो. पण वारसांना किंवा प्रकाशकांना चित्र ‘स्वच्छ’ हवे असते, त्यामुळे हे आधी ठरवून घेतलेले बरे. लेव्हल्स (उजळपणाचे नियंत्रण) ओढून कागद पूर्ण पांढरा करण्याच्या नादात सर्वांत फिकट वॉश आणि रेघेची निमुळती शेपटी उडते, एवढे मात्र कोणीही तपासून पाहावे: स्क्रीनवर १०० टक्के झूमला रेघांची टोके मुळाशी ताडून बघायची.

चित्र मोठे करताना रेघही मोठी होते. ए-४ चे ए-२ केले की ०.२ मिलिमीटरची रेघ ०.४ ची होते आणि नाजूक जाळी दोरखंडासारखी दिसू लागते. दीडपटीपर्यंत बहुतेक रेखाटने शोभतात. लहान करताना उलटे होते. दोन रेघांमधली फट अर्धी झाली की कापसाच्या कागदावर शाई किंचित पसरून ती फट बुजते आणि छायेचा भाग काळा गोळा होऊन बसतो. म्हणून पोस्टकार्डाच्या आकारासाठी तेच चित्र न वापरता त्याचा एखादा तुकडा घ्यावा.

आता कागदाकडे येतो, कारण रेखाटनाच्या प्रतीत टिकण्याचा मुख्य प्रश्न शाईपेक्षा कागदाचा आहे. तैलचित्राची प्रत घेतली तर सगळा कागद रंगाने झाकलेला असतो. रेखाटनात मोठा भाग कोरा कागदच असतो. काळी पिगमेंट शाई उत्तम टिकते. तिच्या आधी कागद पिवळा पडला की चित्र मेले. लाकडाच्या लगद्याच्या साध्या कागदात लिग्निन आणि आम्ल असते, त्यामुळे तो पिवळा आणि ठिसूळ होतो. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे. त्यात कागद किंचित अल्कलीयुक्त असावा आणि आम्ल शोषून घेण्यासाठी किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा त्यात असावा, अशी अट आहे. चित्रांच्या प्रतींसाठी १०० टक्के कापसाचा, ३०० ग्रॅमच्या आसपासचा, इंकजेटसाठी लेप दिलेला मॅट कागद वापरतात.

पण ‘कॉटन’ आणि ‘अॅसिड-फ्री’ एवढ्यावर भुलू नये. कागद डोळ्यांना शुभ्र दिसावा म्हणून त्यात किंवा त्याच्या लेपात ऑप्टिकल ब्राइटनर घालतात. नीळ घातलेल्या धोतरासारखाच हा प्रकार. उजेडाने ब्राइटनरचा जोर कमी होतो आणि कागद आपल्या मूळ, किंचित पिवळट रंगावर येतो. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड शुभ्र राहते आणि मधला भाग वेगळा दिसतो. घेणाऱ्याने तपासायचे असेल तर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधाऱ्या जागी कागदावर मारावा. कागद निळसर उजळला तर ब्राइटनर आहे, मंद राहिला तर नाही किंवा अगदी थोडा आहे. मोठ्या कंपन्या ब्राइटनर नसलेले कागदही विकतात, उदाहरणार्थ कॅन्सन इन्फिनिटीचा ३१० ग्रॅमचा रॅग फोटोग्राफिक. असे कागद जरा साईच्या रंगाचे दिसतात. शाईच्या रेघेला तो रंग शोभतोही.

शाईबाबत नियम सोपा आहे: पिगमेंट. १९९० च्या दशकात परदेशात आयरिस नावाच्या इंकजेट यंत्रांवर काढलेल्या सुरुवातीच्या कलाप्रती थोड्याच वर्षांत फिकट पडल्या, कारण त्यात डाय होता. आजही ऑफिसातल्या अनेक इंक-टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय असतात; काहींत सगळेच डाय. बाहेरची स्वस्त शाई भरली असेल तर प्रिंटर कितीही भारी असला तरी टिकण्याचा दावा उरत नाही, कारण चाचणी विशिष्ट शाई आणि विशिष्ट कागद यांच्या जोडीची असते. ‘१०० वर्षे’ या आकड्यालाही अटी आहेत. विल्हेल्म इमेजिंग रिसर्च या अमेरिकी संस्थेच्या चाचण्यांत प्रत काचेमागे, दिवसाला १२ तास ४५० लक्स उजेडात, सुमारे २४ अंश तापमानात आणि ६० टक्के आर्द्रतेत आहे असे गृहीत धरतात. जुलै-ऑगस्टात मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा तो आकडा प्रयोगशाळेतला आहे, आपल्या दिवाणखान्यातला नाही. कागद आणि शाईची जोडी लिहिल्याशिवाय वर्षांचा आकडा लिहूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छापताना तीन चुका वारंवार होतात. मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक शाई निवडावी लागते. सेटिंगमध्ये ग्लॉसी कागद राहिला तर फोटो ब्लॅक वापरला जातो आणि काळा रंग पाटीसारखा करडा दिसतो. दुसरी, आयसीसी प्रोफाइल (त्या कागद-शाईसाठी रंग जुळवणारी फाइल) सॉफ्टवेअरमध्येही लावायचे आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही रंगनियंत्रण चालू ठेवायचे. रंग दोनदा सुधारला जातो आणि करड्या वॉशमध्ये हिरवट किंवा किरमिजी झाक येते. काळा, करडा आणि फिका करडा अशा वेगळ्या शाया असलेला प्रिंटर आणि त्यातला खास कृष्णधवल मोड वापरला तर हा त्रास बराच टळतो. नाही तर रंगीत शायांतून बनवलेला करडा ट्यूबलाइटखाली एक आणि खिडकीशी दुसराच दिसतो. तिसरी चूक अगदी साधी आहे. कापसाच्या कागदावर सुटे तंतू असतात. छापण्याआधी मऊ ब्रशने कागद झटकला नाही तर शाई त्या तंतूवर बसते, तो नंतर गळतो आणि गडद काळ्या भागात पांढरा ठिपका उरतो. फोटोत तो खपून जातो, शाईच्या भरीव काळ्यात नाही.

पावसाळ्यात कागदाच्या कडा फुगून लहरी होतात आणि प्रिंटरचे हेड त्यांना घासून काळे फराटे मारते. जाड कागदासाठी हेड आणि कागद यांतले अंतर वाढवावे, पाकीट उघडल्यावर लागतील तेवढेच ताव काढून बाकीचे सिलिका जेल घालून पुन्हा बंद करावे. एसी खोलीतून आणलेले पाकीट लगेच उघडू नये. छापलेली प्रत वरवर वाळलेली दिसली तरी शाईतले द्रावण बाहेर पडायला वेळ लागतो. एरवी एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन दिवस ती साध्या शोषक कागदाखाली ठेवावी. घाई करून काचेत बसवली तर काचेच्या आतून धुरकट थर बसतो आणि फ्रेमवाल्याच्या नावाने शंख होतो.

फ्रेमवाल्यालाही काही गोष्टी सांगायलाच हव्यात. तो सवयीने मागे हार्डबोर्ड ठोकतो आणि प्रत सेलोटेपने किंवा फेविकॉलने पक्की चिकटवतो. हार्डबोर्डचे आम्ल कागदात उतरते, सेलोटेपचा तपकिरी डाग जात नाही, आणि चिकटवलेली प्रत पुन्हा सुटत नाही. वरच्या कडेला फक्त दोन बिजागऱ्या, त्याही जपानी कागदाच्या आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेल्या, एवढे पुरते. मैद्याची खळ नको, तिला कसर लागते. काच प्रतीला टेकता कामा नये, म्हणून आम्लमुक्त माउंट. हार्डबोर्ड टाळता येत नसेल तर त्याच्या आणि प्रतीच्या मध्ये आम्लमुक्त बोर्ड घालावा. मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावले की चौकट भिंतीपासून सुटी राहते आणि हवा खेळते. बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर प्रत लावू नये. तिथली ओल सप्टेंबरपर्यंत बुरशी होऊन दिसते. फ्रेम न करता प्रत विकत असाल तर पीव्हीसीचे पाकीट नको, पॉलिप्रॉपिलीनचे चालेल. मॅट काळ्यावर ओरखडा चटकन उठतो, म्हणून वर आम्लमुक्त ग्लासीन, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक, कागद.

आता आवृत्ती. प्रतीच्या डाव्या कोपऱ्यात ७/५० असा आकडा, उजवीकडे सही, दोन्ही पेन्सिलीने: ही पद्धत कोरीव आणि शिळाछापाच्या काळापासून चालत आली आहे. तिथे प्लेट झिजत असे, म्हणून मर्यादा खरी होती. इंकजेटची फाइल झिजत नाही, त्यामुळे ५० चा आकडा म्हणजे निव्वळ दिलेला शब्द असतो. ए-३ च्या ५० संपल्यावर ए-२ च्या नव्या ५०, मग ‘कलाकाराच्या प्रती’ म्हणून आणखी ५०, असे केले तर तो शब्द मोडला जातो. सर्व आकार मिळून एकूण किती प्रती निघणार हे पहिल्याच दिवशी जाहीर करावे, कलाकाराच्या प्रती दहा टक्क्यांत ठेवाव्यात आणि वही ठेवावी: क्रमांक, छापल्याची तारीख, कागद, शाई, आकार, कोणाला गेली. सगळ्या प्रती एकदम छापायची गरज नाही. मागणी येईल तशा छापाव्यात, फक्त पहिली मान्य केलेली प्रत नमुना म्हणून जपून ठेवावी आणि प्रत्येक नवी तिच्याशी ताडून पाहावी. मर्यादित आवृत्ती नको असेल तर ‘खुली आवृत्ती’ असे लिहून कमी किमतीला विकण्यात काहीच वावगे नाही.

किंमत ठरवताना कलादालनाचे कमिशन आधी धरावे. समजा, प्रत ३,००० रुपयांना लावली, कमिशन ४० टक्के, आणि छपाई, खराब झालेला एखादा ताव, ग्लासीन, पाकीट, नळी मिळून ९०० रुपये गेले. चित्रकाराच्या हाती ९०० रुपये उरतात. कमिशनचा विचार न करता घरून १,५०० ला विकणारा चित्रकार पुढे कलादालनात जाऊच शकत नाही, कारण तिथेही तोच भाव ठेवावा लागतो. जीएसटीच्या बाबतीत एक घोळ टाळावा. हाताने काढलेले मूळ रेखाटन करासाठीच्या वर्गवारीत ९७०१ या शीर्षकाखाली येते. हाताने केलेल्या प्लेटवरून, यांत्रिक किंवा फोटोच्या प्रक्रियेशिवाय काढलेला ठसा ९७०२ मध्ये. इंकजेटची प्रत या दोन्हींत बसत नाही, सही आणि क्रमांक असला तरी ती छापील चित्रांच्या ४९११ मध्ये जाते. दर बदलत असतात, ते बिल करतेवेळी पाहावेत.

राहता राहिला हक्काचा मुद्दा, आणि तो आपल्या वृत्तपत्रसृष्टीशी थेट जोडलेला आहे. मूळ रेखाटन विकत घेतले म्हणून त्याच्या प्रती छापण्याचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. वृत्तपत्राच्या नोकरीत असताना काढलेल्या चित्राबाबत कलम १७ (अ) स्पष्ट आहे: वेगळा करार नसेल तर नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी सर्व बाबतींत चित्रकाराचा. भिंतीवर लावायची प्रत या ‘बाकी’त येते. चित्रकाराच्या मृत्यूनंतर हा हक्क ६० वर्षे वारसांकडे राहतो. मराठी वृत्तपत्रांच्या आणि दिवाळी अंकांच्या कपाटांत शाईची शेकडो मूळ रेखाटने पिवळी पडत आहेत. ती परत करणे शक्य नसेल तर निदान ६०० डीपीआयची, १६ बिट कलर टिफ फाइल चित्रकाराला किंवा वारसांना द्यावी, आणि चित्राच्या मागचे शिक्के, तारखा, सूचना यांचाही स्कॅन सोबत जोडावा. आपल्या दैनिकाने याची सुरुवात केली तर स्कॅनिंगच्या कामाला हात लावायला आम्ही तयार आहोत.

आपले,
मुंबईतील काही रेखाटनकार आणि छपाई करणारे